एमबीए झालं, पण उधारी कोण मोजणार?

पत्र थोडक्यात असं. लिहिणारा २६ वर्षांचा. गाव काटोल तालुक्यात, घरी संत्र्याची बाग. बी.कॉम.नंतर नागपूरच्या एका खासगी कॉलेजातून मार्केटिंग-फायनान्समध्ये एमबीए केलं, त्यासाठी सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं. कॉलेजच्या माहितीपत्रकात सरासरी पॅकेज साडेचार लाखांचं छापलं होतं. मिळाली ती 'मॅनेजमेंट ट्रेनी' नावाची, विमा पॉलिसी विकायची नोकरी, आणि ती पाच महिन्यांत सोडली. आता नागपूरजवळच्या वाडीला गोदाम असलेल्या एका वितरकाकडे तो बिस्किटं, साबण, मसाल्याची विक्री सांभाळतो. पगार २१ हजार, कर्जाचा हप्ता सुमारे १०,३००. मागच्या महिन्यात त्याने दुकानदारांना बाराऐवजी वीस दिवसांची उधारी दिली आणि विक्री ४० लाखांवरून ४२ लाखांवर नेली. दहावी शिकलेल्या शेठने शाबासकी द्यायची सोडून सगळ्या सेल्समनसमोर विचारलं, "एमबीए कुठून केलं बे? आता उधारी कोण मोजन?"

तो लिहितो, "दोन वर्षं शिकलो त्यातलं काहीच इथे चालत नाही. कॉलेजने फसवलं. एक ऑनलाइन संस्था मोठ्या नावाच्या सर्टिफिकेटसकट डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स देते आहे, पावणेतीन लाख, चोवीस हप्ते. मामा म्हणतात कॅट दे, आयआयएम आता आपल्याच गावात आहे. घरी मी सांगितलंय की एरिया मॅनेजर आहे, पगार ३५ हजार आहे. काय करू?"

तुला 'तू'च म्हणते. तुझ्या वयाची मुलं मी बरीच वर्षं कामावर घेतली, काही वर्षं वर्गात शिकवलीही, तेव्हा आता अहो-जाहो जमायचं नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा कॉलेजचा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना त्या दोन लाखांच्या जास्तीच्या विक्रीपाशी अडले. तू ते एका वाक्यात उरकलंस आणि शेठच्या बोलण्यावर अर्धं पान लिहिलंस. माझ्या मते तुझा सगळा प्रश्न त्या एका वाक्यात आहे, म्हणून आधी तिथेच बसू.

कागद घे. महिन्याची विक्री ४० लाख आणि उधारी बारा दिवसांची, म्हणजे कोणत्याही दिवशी बाजारात शेठचे १६ लाख अडकलेले असतात. तू विक्री ४२ लाख केलीस आणि उधारी वीस दिवसांवर नेलीस. हे असंच चालू राहिलं तर अडकलेली रक्कम होते २८ लाख. बारा लाख जास्त. हे बारा लाख शेठ तिजोरीतून काढत नाही, बँकेच्या सीसीतून, म्हणजे कॅश क्रेडिटच्या कर्जातून उचलतो. महिन्याला शेकडा एक व्याज धरलं तरी झाले १२ हजार. आता तू मिळवून दिलेल्या दोन लाखांवर वितरकाला सुटतं किती? ढोबळ पाच टक्के धर. दहा हजार. म्हणजे तू टार्गेट मारलंस आणि शेठला महिन्याला दोन हजारांचा खड्डा पाडलास. यातलं एखादं दुकान बुडालं तर तो हिशेब वेगळाच. खर्च, मालाचा साठा, कंपनीच्या स्कीम मी यात धरल्याच नाहीत; तुझ्याकडचे खरे आकडे घालून बघ, दोन हजारांचे तीन होतील किंवा एक होईल. पण शेठने जे विचारलं ते टोमणा मारायला नव्हतं, किंवा निदान नुसता टोमणा मारायला नव्हतं. त्याच्या डोक्यात हे गणित तू बिल फाडत होतास तेव्हाच चालू झालं असेल.

आणि हे गणित तुला येतं. खेळतं भांडवल, डेटर्सचे म्हणजे उधारीवाल्यांचे दिवस, रोकड फिरून परत यायला लागणारा काळ, हे सगळं तू शिकला आहेस, त्यावर मार्कही मिळवले असशील. तरी मानेवाड्याच्या दुकानात उभा असताना ते तुला सुचलं नाही. का? कारण परीक्षेत प्रश्नच सांगतो की हा खेळत्या भांडवलाचा प्रश्न आहे. डेटर्स ४५ दिवस, स्टॉक ३० दिवस, सगळं मांडून दिलेलं असतं, तू फक्त सूत्रात घालायचं. दुकानदार तसं सांगत नाही. तो म्हणतो, "भाऊ, माल टाक न, पैसे पुढच्या सोमवारी पक्के." हे वाक्य वसुलीच्या धड्यात मोडतं की विक्रीच्या की माणूस ओळखण्याच्या, हे तुलाच ठरवायचं असतं, तेही गाडी बाहेर उभी असताना.

तेव्हा "शिकलेलं काहीच चालत नाही" हे मला मान्य नाही. तुला उत्तरं शिकवली, ती बरोबरच होती. प्रश्न ओळखायला शिकवलं नाही. मी याला कमी दोष म्हणत नाही, जास्तच मोठा म्हणते. पण त्यावरचा उपाय अगदी वेगळा आहे, आणि पावणेतीन लाखांच्या कोर्समध्ये तो नाही.

कॉलेजबद्दल बोलू. इथे माझेही हात पूर्ण स्वच्छ नाहीत. हिंगणा एमआयडीसीतल्या नोकरीतून बाहेर पडल्यावर मी सहा सेमिस्टर एका मॅनेजमेंट कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. उन्हाळी इंटर्नशिपचे प्रोजेक्ट माझ्याकडे यायचे. 'ग्राहकांचे समाधान: एक अभ्यास, विशेष संदर्भ नागपूर शहर', असल्या नावाचे, सोनेरी अक्षरांच्या काळ्या बाइंडिंगमध्ये. मागे जोडलेल्या शंभर प्रश्नावल्या. एकदा नीट पाहिलं तर साठेक प्रश्नावल्यांवरच्या बरोबरच्या खुणा एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरक्या हाताने केलेल्या. होस्टेलच्या खोलीत एका संध्याकाळी ग्राहकांचं समाधान झालेलं होतं. मी मुलाकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी शंभरपैकी सत्तर दिले. कमी दिले असते तर विभागप्रमुखांनी बोलावलं असतं, निकाल खाली गेला असता, पुढच्या वर्षीचे प्रवेश कमी झाले असते. हे सगळं आम्हाला माहीत होतं. विद्यार्थी फी भरतो, कॉलेज पास करतं, आणि त्या मुलाने एकदाही एका दुकानदाराला "बसू का जरा?" असं विचारलेलं नसतं. तेव्हा फसवणूक झाली का, याला माझं उत्तर 'हो, पण एकट्या तुझी नाही आणि एकट्या कॉलेजकडूनही नाही' असं आहे.

कारण कंपन्याही साळसूद नाहीत. दर सेमिनारात उद्योगातला कुणीतरी उभा राहून सांगतो की मुलं 'इंडस्ट्री-रेडी' नसतात. मी तेच म्हणत आले. पण आमच्याच कारखान्यात डिस्पॅच को-ऑर्डिनेटरची जागा निघाली तेव्हा जाहिरातीत 'एमबीए' मीच लिहायला लावलं होतं. काम होतं ट्रान्सपोर्टला फोन करायचं, ई-वे बिल काढायचं, गाडी सुटली की ग्राहकाला कळवायचं. बारावी झालेली हुशार मुलगी ते महिनाभरात शिकली असती. मग एमबीए का? अर्ज कमी यावेत म्हणून. पदवी आम्ही चाळणी म्हणून वापरली, आणि त्या चाळणीचे पैसे तुझ्यासारख्या मुलांच्या वडिलांनी भरले. आणि त्या कामात 'स्ट्रॅटेजी' नाही म्हणून निराश झालेल्या मुलालाच आम्ही वर नावं ठेवली.

हा गोंधळ नागपूरचा नाही, आपल्या देशाचाही नाही. हार्वर्डने १९०८ मध्ये पहिलं एमबीए सुरू केलं. १९५९ मध्ये अमेरिकेत फोर्ड आणि कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांचे अहवाल आले आणि त्यांनी तिथल्या बिझनेस स्कूलांना धारेवर धरलं. तक्रार काय, तर इथलं शिक्षण फारच दुकानदारी थाटाचं आहे, त्यात शास्त्र नाही. मग शास्त्र आलं. गणित, मॉडेल, पीएचडी झालेले प्राध्यापक, शोधनिबंध. पन्नासेक वर्षांनी त्याच शाळांवर उलटी ओरड सुरू झाली की इथल्या प्राध्यापकांनी धंदा पाहिलेलाच नाही. आपल्याकडे १९६१ मध्ये कोलकात्याची आयआयएम एमआयटीच्या आणि अहमदाबादची हार्वर्डच्या मदतीने उभी राहिली. तो काळ मोठ्या कारखान्यांचा आणि सरकारी उद्योगांचा, त्यांना मॅनेजर हवे होते. तो साचा पुढे खाली झिरपत झिरपत प्रत्येक जिल्ह्यातल्या कॉलेजात आला. माप घेतलं पोलाद कारखान्याचं आणि सदरा शिवला वाडीच्या गोदामासाठी. तुझ्या शेठकडे चौदा-पंधरा माणसं असतील. एचआर विभाग म्हणजे शेठची बायको, जी दिवाळीला बोनसची पाकिटं भरते. यावर अभ्यासक्रमात एकही पान नाही, आणि नागपुरातली बहुतेक मुलं शेवटी अशाच ठिकाणी कामाला लागतात.

कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातले हेन्री मिंट्झबर्ग हे प्राध्यापक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की ज्याने कधी माणसं आणि काम सांभाळलेलं नाही त्याला वर्गात बसवून मॅनेजर करता येत नाही. आधी काम, मग वर्ग. १९९६ मध्ये त्यांनी काही संस्थांना बरोबर घेऊन नोकरीत असलेल्या मॅनेजरांसाठीच एक अभ्यासक्रम काढला, आपली बंगळुरूची आयआयएम त्यात भागीदार होती. मला त्यांचं सगळंच पटतं असं नाही. वर्गाचा उपयोग असतो. पण क्रम चुकला की काय होतं त्याचा नमुना म्हणजे तुझं पत्र. तू उत्तरं आधी घेतलीस, प्रश्न आता भेटत आहेत. यात एक सोय आहे की उत्तरांचे पैसे भरून झालेले आहेत.

आता तो ऑनलाइन कोर्स. रागावू नको, पण तू फायनान्स शिकलास आणि एक वजाबाकी केली नाहीस. पगार २१,०००, हप्ता १०,३००, हातात राहिले १०,७००. पावणेतीन लाख भागिले चोवीस, व्याज अजिबात नाही असं धरलं तरी महिन्याला ११,४५८. खोलीभाडं, डबा, गाडीचं पेट्रोल सोड, तो हप्ताच भरता येत नाही. मग तू हा कोर्स करायचा विचार तरी कसा केलास? मला वाटतं तुला कोर्स नकोच आहे. तुला ते मोठं नाव हवं आहे, पुढच्या वेळी कुणी 'एमबीए कुठून केलं' विचारलं तर तोंडावर मारायला. ही भूक मी समजू शकते. पण पहिल्या पदवीने शेठचं तोंड बंद झालं नाही, ते दुसऱ्या सर्टिफिकेटने का होईल? शेठला यातली कुठलीच संस्था माहीत नाही.

डेटा अ‍ॅनालिटिक्स शिकू नको असं मी म्हणत नाही. जरूर शीक. सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवर असे कितीतरी कोर्स आहेत, शिकायला फुकट, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच फी. आणि डेटाचं म्हणशील तर तू त्याच्या ढिगावर बसला आहेस. शेठच्या टॅलीमध्ये, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन-तीन वर्षांची बिलं असतील. दुकानवार, मालवार, तारखेसकट. कोर्समध्ये तुला कुठल्यातरी परदेशी सुपरमार्केटची बनावट यादी देतील आणि त्यावर तक्ते काढायला लावतील. इथे म्हाळगीनगरच्या खऱ्या दुकानाने खरा साबण किती दिवसांनी पुन्हा मागवला ते दिसतंय.

मामांचं कॅटचं म्हणणं मी इतक्या सहज उडवणार नाही. नागपूरच्या मिहानमध्ये आयआयएम आहे हे खरं. २०१५ मध्ये सुरू झाली, आधी व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेच्या आवारात होती, २०२२ मध्ये स्वतःच्या कॅम्पसमध्ये गेली. पण गावात असल्याने प्रवेश सोपा होत नाही आणि फी कमी होत नाही. ती तुझ्या आताच्या कर्जाहून बरीच जास्त आहे. शिवाय तुझ्या डोक्यात आहे की खरी पदवी तिथली, आपली नकली. गंमत सांगते, २०१७ चा कायदा होईपर्यंत आयआयएम पदवी देतच नव्हत्या, पदविका द्यायच्या. त्या कागदाला किंमत आली ती तिथे निवडून गेलेल्या मुलांमुळे, त्यांच्या ओळखींमुळे, आणि हो, शिक्षकांमुळेही. तुला जायचं असेल तर तीन वर्षांनी जा. कर्ज बरंच फिटलेलं असेल, कामाचा अनुभव असेल, आणि वर्गात वितरणावरची केस निघेल तेव्हा तुझ्याजवळ बोलायला काहीतरी असेल. आत्ता गेलास तर दुसऱ्यांदा तीच चूक, जास्त पैशांत.

मग आत्ता काय? एक दोनशे पानी वही घे. मोबाइल नको, वही. तुझ्या बीटवरची, म्हणजे रोजच्या फेरीतली, वीस दुकानं निवड. प्रत्येकाला एक पान. कबूल केलेले दिवस लिहू नको, प्रत्यक्ष पैसे आले तो दिवस लिही. कुठला माल आधी संपतो, कुठला कोपऱ्यात धूळ खातो, दुसऱ्या वितरकाचा माणूस कधी येतो, गल्ल्यावर मालक बसतो की मुलगा. दीड-दोन महिन्यांत तुला दिसेल की 'पुढच्या सोमवारी' म्हणणारे तीन प्रकारचे असतात. एकाचा सोमवार खरा असतो. दुसऱ्याकडे पैसे असतात पण तो आधी दुसऱ्या कंपनीच्या माणसाला देतो, कारण त्यांची स्कीम चांगली आहे. तिसऱ्याचं दुकान हळूहळू बसत चाललेलं असतं आणि ते त्याच्या शेल्फांवर आधी दिसतं. पुढच्या रांगेत पाकिटं आणि मागे रिकामं. हे तिन्ही टॅलीत एकसारखे दिसतात. वीस दिवसांची उधारी पहिल्याला देऊन बघायला हरकत नाही. तिसऱ्याला तू आठ दिवसांचीही देऊ नये.

दुसरं काम तर तुझ्यासाठीच राखून ठेवल्यासारखं आहे. कंपन्या स्कीम जाहीर करतात, वितरक दुकानदाराला माल सवलतीत देतो आणि फरक कंपनीकडे क्लेम करतो. एक्सपायरी आणि डॅमेजचंही तसंच. हे क्लेम महिनोन् महिने लटकतात, काही कागद नीट नाहीत म्हणून परत येतात, काही कुणी पाठपुरावा केला नाही म्हणून विसरले जातात. दहावी शिकलेला शेठ उधारी तोंडपाठ सांगेल, पण कंपनीच्या पोर्टलवरचे अर्धवट क्लेम त्याला नकोसे वाटत असतील. तू एक्सेलमध्ये यादी कर, कुठल्या कंपनीकडे, किती, किती दिवसांपासून, कुठल्या कागदावर अडलं. त्यातले लाखभर जरी सुटले तरी शेठ तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघेल. ते तुला जमेल, त्याला जमणार नाही, आणि ते तू एमबीएतच शिकलास.

हे आकडे घेऊन शेठकडे जा, पण वेळ बघून. सकाळी गाड्या भरत असताना नको, तीस तारखेला कंपनीचा एएसएम (एरिया सेल्स मॅनेजर) 'अजून पाच लाखांचा माल उचला' म्हणून फोनवर बसलेला असतो तेव्हा तर नकोच. संध्याकाळी रोकड जुळली, चहा आला, की तेव्हा. आधी सांग की ती वीस दिवसांची उधारी माझी चूक होती, हे घ्या गणित. मग क्लेमची यादी दे. आणि मग, शांतपणे, हेही सांग की सगळ्यांसमोर बोललात ते लागलं. तो माफी मागणार नाही. अशा माणसांची माफी मागायची पद्धत दुसरी असते. दुसऱ्या दिवशी तो तुला सोबत गाडीत बसवून इतवारीच्या बाजारात घेऊन जाईल. तसं काहीच झालं नाही, वर्षभरात पगार वाढला नाही, हिशेबाच्या जवळ तुला येऊ दिलं नाही, तर नोकरी बदल. कंपन्यांना सेल्स ऑफिसर म्हणून असा माणूस हवा असतो ज्याला वितरकाच्या बाजूचं दुखणं माहीत आहे. तोपर्यंत तुझी ती वही कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा मुलाखतीत जास्त बोलेल.

जे वाचक मुलांच्या एमबीए प्रवेशाच्या गडबडीत आहेत त्यांच्यासाठी चार वाक्यं. सीईटी झाली की कॉलेजं चकचकीत पुस्तिका देतात. त्यात सरासरी पॅकेज वाचू नका. दहा मुलांपैकी नऊ जणांना तीन लाख आणि एकाला अठरा लाख मिळाले तर सरासरी साडेचार लाख येते, आणि ते साडेचार दहापैकी एकालाही मिळालेले नसतात. मधलं पॅकेज विचारा, म्हणजे रांगेत मधोमध उभ्या असलेल्या मुलाचं. वर्गात किती होते आणि नोकरी किती जणांना लागली, तेही विचारा; 'नोकरी मागितलीच नाही' अशा रकान्यात किती जण ढकलले आहेत ते बघा. मग पुस्तिका तिथेच ठेवून कॉलेजच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर जा आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा की इंटर्नशिपला नक्की काय केलं. निळ्या पेनाची गोष्ट ते हसत हसत स्वतःच सांगतील. आणि जमत असेल तर मुलाला आधी दोन वर्षं नोकरी करू द्या, कसलीही. दोन वर्षं थांबल्याने कोणाची सीट पळून जात नाही.

शेवटचं तुझ्या वडिलांबद्दल. ३५ हजारांचं खोटं तू का बोललास ते कळतं. कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून त्यांची सही असणार, आणि ती वाया गेली असं त्यांना वाटायला नको म्हणून. पण हप्ता एकदा जरी चुकला तर बँकेचा फोन त्यांना जाईल, आणि तेव्हा कळणं फार वाईट. तू जाऊन सांग. आणि 'सेल्स सांभाळतो' म्हटल्यावर त्यांना कमीपणा वाटेल हे तू गृहीत का धरलंस? संत्र्याची बाग विकणाऱ्या माणसाला उधारी काय असते हे तू शिकवायचं? आंबिया बहाराची बाग झाडावर असतानाच व्यापारी सौदा करतो, थोडा इसार हातावर ठेवतो, तोडणी करून गाड्या भरून नेतो आणि उरलेल्या पैशांसाठी 'पुढच्या हप्त्यात', म्हणजे आठवड्यात, म्हणतो. तुझ्या मानेवाड्याच्या दुकानदाराचा सोमवार आणि त्या व्यापाऱ्याचा हप्ता एकच. फरक एवढाच की तुझे वडील तिथे शेठच्या जागी आहेत आणि त्यांच्या पाठीशी बँकेची सीसी नाही.

या रविवारी काटोलला गेलास की वही सोबत ने. ते बारा लाखांचं आणि दोन हजारांच्या खड्ड्याचं गणित त्यांना समजावून सांग. आणि मग त्यांना विचार, गेल्या बहाराचे पैसे व्यापाऱ्याने किती दिवसांनी दिले. त्यांना तारीख पाठ असेल. वहीचं एकविसावं पान त्या व्यापाऱ्याच्या नावाने काढ.